सीट, आरसे, पट्टा

आमच्या बाबांची ड्रायव्हिंग स्कूल आहे, त्यामुळे मी चालायला शिकायच्या आधीच मला क्लच माहीत होता, असं आई म्हणते. ती वाढवून सांगते, पण फार नाही. गाडीत बसलं की आधी सीट, मग आरसे, मग पट्टा. हे तीन शब्द बाबा दिवसभर इतक्या लोकांना ऐकवतात की झोपेतसुद्धा बडबडतात. माझी धाकटी बहीण टेबलाखाली बसून गाडी-गाडी खेळते, तेव्हा तीही आधी बूड सरकवते, मग हवेतला आरसा नीट करते, मग न दिसणारा पट्टा लावते. तिला आम्ही भोंपू म्हणतो, कारण ती रडायला लागली की चौकातली वाहतूक आपसूक बाजूला होईल. मला बाबा उस्ताद म्हणतात. हे नाव मला याच वर्षी मिळालं, शिकाऊ परवाना हातात आल्यावर, आणि तेव्हापासून मी जरा हवेतच होते. वर्गात हात वर करायला लागले. दुकानदारांशी हुज्जत घालायला लागले. ज्या माणसाला गाडी उलटी लावता येते त्याने जगात कुणाला घाबरायचं कारण नाही, असं माझं ठाम मत झालं होतं.

मग एका शनिवारी मी आईच्या गाडीचं दार उघडलं.

आईच्या गाडीला आम्ही डबडं म्हणतो. शनिवारी डबडं धुवायचं काम माझं, आणि त्या बदल्यात इमारतीच्या आवारात ते मागे-पुढे करायला मिळतं. आई उंचीने एवढीशी. ती चालवते तेव्हा सीट अगदी पुढे, बुडाखाली निळी उशी आणि नाक जवळजवळ काचेला. आरशांशी तिचं काही देणंघेणं नाही. आतल्या आरशात ती दात बघते, आणि डाव्या बाजूचा आरसा कायम मिटलेला असतो, गल्लीत कुणीतरी धडकेल म्हणून. बाबा यावरून तिला जन्मभर चिडवत आले. "तुमच्या आईला मागचं बघायची गरजच पडत नाही," ते म्हणायचे. "मागचे लोकच जीव मुठीत धरून असतात."

त्या शनिवारी सीट पार टोकापर्यंत मागे होती. मी बाबांवर गेलेय, चांगली उंच आहे, तरी माझे पाय पेडलपर्यंत कसेबसे पोचले. डावा आरसा छान उघडलेला. आतल्या आरशात मागची काच दिसेना, नुसतं छत. आणि आईची निळी उशी शेजारच्या सीटवर होती.

ओलं फडकं हातात धरून मी तशीच बसून राहिले. आदल्या संध्याकाळी आई कामावरून उशिरा आली होती. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. "नवा माल आला होता, एकटीलाच लावावा लागला," असं म्हणाली होती, आणि अंडी फोडताना गुणगुणत होती.

आता हे सांगायला हवं की आई-बाबा तेव्हा वेगळे राहत होते. बाबा ड्रायव्हिंग स्कूलच्या मागच्या खोलीत, आम्ही तिघी घरी. आई एकेकाळी बाबांची विद्यार्थिनी होती. ड्रायव्हिंग स्कूलच्या, म्हणजे आमच्या भाषेत शाळेच्या, गाडीला शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो. शिकणारा चुकला तर गुरुजींनी गाडी थांबवायची. बाबांनी तिला परवाना मिळवून दिला, लग्न केलं, पण पाय काही त्या ब्रेकवरून काढला नाही. भाजी कुठून आणायची, मैत्रिणीशी किती बोलायचं, सगळीकडे कच्चकन ब्रेक. एकदा तर खराच लावला. आई शाळेची गाडी चालवत होती, आम्ही दोघी मागे, त्यांचं काहीतरी जुंपलं होतं, आणि "आधी माझं ऐकून घे" म्हणत बाबांनी भर रस्त्यात दुसरा ब्रेक दाबला. मागून ट्रकचा हॉर्न. भोंपूचा पट्टा सैल होता. तिचा ओठ पुढच्या सीटवर आपटून फाटला. त्या दिवशी ती पहिल्यांदाच आवाज न करता रडली. आई पुन्हा बाबांच्या शेजारी बसली नाही.

तर घटस्फोट संमतीचा होता. सगळं गोडीगुलाबीने. आम्ही दोघी आईकडे, रविवारी बाबांकडे. सह्यांची शेवटची तारीख तेवढी राहिली होती. वकीलकाकू, म्हणजे आईची शाळेपासूनची मैत्रीण, आमच्या स्वयंपाकघरात चहात बिस्किट बुडवत म्हणाली होती, "दोघांची संमती आहे तोवर कुणी कुणाला का म्हणून विचारत नाही. पण शेवटच्या सहीपर्यंत कुणीही फिरू शकतं. फिरलं की उकरणं सुरू. कोण कुणाबरोबर, कधीपासून. मुलींनासुद्धा आत बोलावतात."

"आणि मग?" मी विचारलं होतं.

"मग काय. कधी दोघी एकीकडे, कधी एक इकडे नि एक तिकडे." बिस्किट तुटून चहात पडलं आणि ती चमचा शोधायला लागली.

एक इकडे नि एक तिकडे. भोंपू झोपताना माझं कोपर धरते. हात नाही, कोपर. सोडवलं तर जागी होते.

म्हणून त्या शनिवारी मी गाडी जशी होती तशी ठेवली, दार लावलं, आणि स्वतःला समजावलं की असेल कुणीतरी. सोमवारी स्कूलबस सिग्नलला थांबली तेव्हा शेजारच्या रांगेत डबडं उभं होतं. मी वरून बघत होते, त्यामुळे सगळं दिसलं. चालवत होता चष्मेवाला. आईच्या दुकानाला लागून त्याचं दुकान आहे, माणूस दारातून वाकून आत जातो एवढा उंच, आणि माझा चष्मा तो नेहमी फुकट पुसून देतो. त्याचा हात गिअरवर होता. आईचा हात त्या हातावर होता. गिअरवर उगाच हात ठेवायचा नाही, बाबा म्हणतात, बदलायचा आणि काढून घ्यायचा. सिग्नल सुटला, त्याने गिअर टाकला, आणि आईचा हात त्याच्या हाताबरोबरच पुढे गेला. सवयीचा असल्यासारखा.

शेजारची मैत्रीण म्हणाली, "काय गं, भूत पाहिलंस का?" मी म्हणाले, "बस लागतेय."

आणि मग आठवलं ते त्याहून वाईट होतं. मागच्या वर्षी, बाबा घरीच राहत होते तेव्हा, एका सकाळी ते डबड्यात बसले आणि वर येऊन विचारलं, "सीट कुणी मागे घेतली?" आई पाठमोरीच म्हणाली, "गॅरेजवाल्याने घेतली असेल." बाबांनी मान डोलावली होती. म्हणजे हे आत्ताचं नव्हतं. हे तेव्हापासूनचं होतं. आणि बाबांना फक्त एकदा नीट आठवायचा अवकाश होता.

त्यानंतर मी घाबरून जगायला लागले. आई गुणगुणली की वाटायचं, गप्प बस गं बाई, कुणीतरी ऐकेल. हात वर करणारी, हुज्जत घालणारी मी, बाबांचा साधा "जेवलीस का?" असा मेसेज आला तरी चारदा वाचायची.

सह्यांचा मंगळवार तोंडावर आला होता. त्याच्या आदल्या रविवारी बाबांचा फोन आला. "शाळेची गाडी कामाला टाकलीय. मी बसने येतो, आईची गाडी घेऊन जाऊ. ती चालत गेलीय ना दुकानात?"

"हो," मी म्हणाले, आणि फोन ठेवायच्या आधीच चप्पल शोधायला लागले.

जिने उतरताना मी दोनदा घसरले. डबड्याचं दार उघडलं. सीट टोकाला. उशी शेजारी. छत दाखवणारा आरसा. घाईत सीटचा दांडाही सापडेना. पण सापडल्यावर मी सगळं चोख केलं. सीट आईच्या मापाला पुढे, उशी जागेवर, मग उशीवर आईएवढी होऊन, मान आखडून बसले आणि तिन्ही आरसे लावले. आतल्यात मागची काच पूर्ण. बाजूच्यांत गाडीची कड अगदी बोटभर, बाकी रस्ता. बाबांनी पाहिलं असतं तर पाठ थोपटली असती.

त्यांनी पाहिलंच.

भोंपू तिची पायाने ढकलायची स्कूटर मागे कोंबत होती. बाबा दार उघडून बसायला गेले, गुडघे स्टेअरिंगला आपटले, ते हसले. "तुमची आई म्हणजे ना." त्यांनी हात आतल्या आरशाकडे नेला आणि तो हात मध्येच थांबला. मग त्यांनी डाव्या आरशाकडे पाहिलं. मग उजव्या. मग खाली सरकून, मान आखडून, आईएवढे होऊन पुन्हा तिन्ही पाहिले.

"आरसे कोणी लावले?"

"कुठले?"

"तिन्ही."

"आईनेच असतील."

"तुझ्या आईने," बाबा म्हणाले. एवढंच. उशी काढून मागे ठेवली, सीट मागे घेतली, आणि आरशांना मात्र हात न लावता गाडी सुरू केली. वाटेत भोंपू अखंड बडबडत होती, तिच्या वर्गातल्या कुणाचा तरी दात पडला होता. बाबा हं म्हणत होते. मी बाहेर बघत होते आणि मला कळून चुकलं होतं. मी सगळं बरोबर केलं होतं, तेच चुकलं होतं. आईने जन्मात कधी डावा आरसा उघडला नव्हता.

मंडईमागचं मैदान रविवारी रिकामं असतं. भोंपू स्कूटर घेऊन पळाली. बाबा उतरले, पलीकडे येऊन माझं दार उघडलं.

"तू गाडी रस्त्यावर नेली होतीस?"

सुटायची वाट तीच होती. ओरडा बसेल, परवाना जाईल, पण संपेल. "हो," मी म्हणाले. "कोपऱ्यापर्यंत."

"बरं. मग आता चालव."

मी चालकाच्या जागेवर बसले. बाबा शेजारी. सीट जरा पुढे घेतली. आतला आरसा माझ्या उंचीला वर केला, डावा बाहेर ढकलला, उजवा ढकलला. पट्टा ओढला. आणि पट्ट्याची खट्ट ऐकू आली तेव्हा माझ्या लक्षात आलं की बाबा इतका वेळ फक्त माझे हात बघत होते.

"सगळे बदललेस," ते म्हणाले. आवाज एकदम हळू. "तू चालवली असतीस तर तुझ्या उंचीचे असते. ते तुझ्या आईच्या उंचीला लावले होतेस. उस्ताद, दुसऱ्याच्या मापाचे आरसे माणूस कधी लावतो?"

मी स्टेअरिंग धरून बसले.

"गॅरेजवाला," बाबा स्वतःशीच म्हणाले. "मागच्या वर्षी. सीट मागे होती." मग माझ्याकडे वळले. "अगं, तो गॅरेजवाला माझ्या खांद्याला लागतो."

त्यांच्या पायाने मॅट दाबली. डबड्याला तिथे ब्रेक नाही, नुसती रबरी मॅट. तरी पाय दाबत राहिला, बुटाचं टोक वाकेपर्यंत. मला वाटलं आता गाडीचा पत्रा फाटणार.

"कोण?"

मी सांगणार नव्हते. पण तो पाय बघून तोंडातून निघून गेलंच. "चष्मेवाला."

समोर भोंपू गोल गोल फिरत होती. बाबा काचेतून तिच्याकडे बघत होते, पण ती त्यांना दिसत असेल असं वाटलं नाही.

"मंगळवारी मी सही करत नाही," ते म्हणाले. "मी मूर्खासारखा सगळ्याला हो म्हणालो. तू आत जाऊन सांगायचंस. खोटं काही नाही, पाहिलंस तेवढंच. तू माझ्याकडे राहशील. तुझी शाळाही जवळ पडेल."

"आणि भोंपू?"

"ती लहान आहे. ती तिकडे."

किती सहज म्हणाले. तिकडे.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी थेट आईच्या दुकानात गेले. गिऱ्हाईक जाईपर्यंत खोकल्याच्या बाटल्यांकडे बघत उभी राहिले.

"आई, बाबांना कळलंय."

काय कळलं, ते तिने विचारलं नाही. काउंटरची कड धरली. "कसं?"

"मी आरसे लावले. रविवारी. तुझं झाकायला."

"आरसे," आई म्हणाली, आणि विचित्रच हसली. "जन्मभर त्या माणसाचे आरसे." मग तिचा चेहरा रडवेला झाला. "तुला कधी कळलं? एवढे दिवस तू एकटी... अगं बाळा."

"तू तेव्हाच का नाही सांगितलंस त्यांना?"

"घाबरले." ती खाली बघत होती. "त्यांच्याबरोबर मी कायम शिकाऊच राहिले गं. पण म्हणून हे बरोबर होत नाही, माहितीये मला. आधी बाहेर पडायचं, मग काय ते करायचं. उलट केलं मी." बाजूच्या भिंतीपलीकडे चष्मेवाल्याच्या मशीनची घरघर चालू होती. आम्ही दोघींनी ती ऐकली आणि दोघींनी नजर दुसरीकडे वळवली. "तुला आत बोलावलं तर खरं तेच सांग. माझ्यासाठी खोटं बोल असं मी म्हणणार नाही."

तिने मला खोटं बोलायला सांगितलं असतं तर सोपं झालं असतं. तिच्यावर चिडता आलं असतं.

मंगळवारी कोर्टाच्या पॅसेजमध्ये लाकडी बाकं होती आणि बाकांवर माणसं एकमेकांपासून जमेल तेवढी लांब बसली होती. वकीलकाकूचा चेहरा ताणलेला. आई चष्मेवाल्याने करून दिलेल्या नव्या चष्म्याशिवाय आली होती, त्यामुळे सगळ्यांकडे डोळे बारीक करून बघत होती. भोंपूला घरी ठेवायला कुणी नव्हतं. ती माझ्या कोपराला लटकून पाय हलवत होती. बाबा इस्त्रीच्या शर्टात पलीकडे उभे, बरोबर एक नवा कोवळा वकील, तो सारखी कॉलर नीट करत होता.

भोंपूने मान वर केली. "आपण कशाला आलोय? कुणाचा परवाना आहे?" तिच्या ओठावरची पांढरी रेघ हसताना लांब होते. ती रेघ मी रोज बघते. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की हेही मी पाहिलेलं आहे.

मी कोपर सोडवलं आणि बाबांकडे चालत गेले.

"बाबा, मी आत गेले तर सगळं सांगेन."

"तेवढंच हवंय मला."

"सगळं म्हणजे सगळं. गिअरवरचा हात सांगेन. दुसरा ब्रेकपण सांगेन. ट्रकचा हॉर्न. भोंपूचा ओठ."

कोवळ्या वकिलाची बोटं कॉलरवरच थांबली. "कसला ब्रेक?" त्याने बाबांना विचारलं. बाबांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"ते वेगळं," ते मला म्हणाले.

"मला विचारलं तर मी वेगळं नाही करणार."

"मला धमकी देतेस?" आवाज मैदानावरच्यासारखाच हळू. मला पळून जावंसं वाटलं. शब्द तुटत तुटत आले.

"नाही. मला भीती वाटतेय, बाबा. मला आत पाठवू नका. मला दोघांचंही नाही सांगायचं. ती माझं कोपर धरून झोपते."

त्यांनी माझ्या खांद्यावरून पलीकडे बाकाकडे पाहिलं. या वेळी त्यांना भोंपू दिसत असावी, कारण ते तिच्या तोंडाकडे बघत होते, आणि मग बघवेना म्हणून बुटांकडे. शिपायाने दारातून नाव पुकारलं. ते आत गेले. आई गेली. दोन्ही वकील गेले. दार बंद झालं.

मी भोंपूशेजारी बसले. तिने कोपर परत घेतलं. दार मधूनमधून उघडायचं, दुसरंच कुणीतरी बाहेर यायचं, आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता मला बोलावणार. मी मनात वाक्यं जुळवत होते. ती आईच्या बाजूची व्हायची, मी मोडायचे. बाबांच्या बाजूची व्हायची, पुन्हा मोडायचे.

पहिल्यांदा वकीलकाकू बाहेर आली. "झालं," ती म्हणाली.

"काय झालं?"

"आधी ठरलं होतं तसंच. दोघी घरी." ती खाली बसली आणि कपाळ चोळलं. "एक अट नवी घातली त्याने. बाकी हूं की चूं नाही. मुली आईच्या गाडीत असतील तेव्हा ती गाडी त्यांच्या आईनेच चालवायची. दुसऱ्या कुणीही नाही. न्यायाधीशबाईंनी दोनदा विचारलं, एवढंच? तर म्हणाला, एवढंच."

बाबा आमच्यासमोरून निघून गेले. भोंपूच्या डोक्यावर हात ठेवला. माझ्याकडे पाहिलं नाही.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. मेसेज नाही, फोन नाही. आईने चष्मेवाल्याबद्दल सांगायला तोंड उघडलं आणि मी म्हणाले, "आत्ता नको." ती बरं म्हणाली. संध्याकाळी ती आम्हाला डबड्यातून फिरवायला घेऊन गेली, नाक काचेला लावून, घामाघूम. निघण्याआधी तिने पलीकडे जाऊन डावा आरसा उघडला आणि त्यात काय बघायचं असतं ते मला विचारलं.

त्याच्या पुढच्या रविवारी खाली शाळेच्या गाडीचा हॉर्न वाजला. बाबा शिकवणाऱ्याच्या जागेवर बसले होते. चालकाची जागा रिकामी.

मी बसले. ते समोर बघत होते. मला उस्ताद म्हणतील की नाही, तेवढंच डोक्यात होतं, म्हणाले नाहीत. सीट घेतली. आरसे लावले. आतल्यात भोंपू दिसली, पट्टा स्वतःच खेचून घट्ट करत होती. मग पट्टा लावताना मी चोरून खाली पाहिलं. दुसरा ब्रेक तिथेच होता, चकचकीत, वापरून झिजलेला. बाबांनी दोन्ही पाय मागे ओढून सीटखाली धरले होते, जरा अवघडूनच, लहान मुलाला बाकावर बसवल्यासारखे.

"चल," ते म्हणाले.

मी क्लच दाबला. मी आरशात एकदा मागे पाहिलं आणि तो हळूहळू सोडायला लागले.